बाबांचा आवाज वेगळा, आमचा वेगळा

टीव्हीच्या आवाजावरून आमच्याकडे रोजची कटकट. होम थिएटर आल्यापासून तर शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, "काल कुठला पिक्चर होता?"

गंमत म्हणजे आवाज वाढवूनही बाबांना फारसा फायदा नव्हता. वयोमानाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ, थ निसटतात. बोललेलं कानावर पडतं, पण कळत नाही. त्यात पार्श्वसंगीत दणदणायला लागलं की संपलंच!

बाबांना वेगळा हेडफोन द्यावा म्हटलं, तर ब्लूटूथ हेडफोन थेट जोडला की आमच्या टीव्हीचे स्पीकर गप्प होतात. शिवाय ओठ आधी हलणार, शब्द मागून येणार. म्हणून आज टीव्हीच्या ऑप्टिकल आउटला (प्रकाशाच्या केबलने आवाज बाहेर देणारं सॉकेट) २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे हेडफोनला बिनतारी आवाज पाठवणारा ट्रान्समीटर लावला. होम थिएटर एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारं दुसरं सॉकेट) तसंच ठेवलं. आधी हेडफोनमध्ये चिडीचूप. ट्रान्समीटरला डॉल्बीचा सांकेतिक आवाज उलगडत नव्हता; सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी पीसीएम, म्हणजे साधा डिजिटल आवाज निवडला आणि बाबांच्या भुवया एकदम वर गेल्या. "अरे, हा नट इतका स्पष्ट बोलतो?"

पीसीएममुळे होम थिएटरचा सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज गेला, नुसता डावा-उजवा स्टिरिओ उरला. थोडी चुटपुट लागली, पण चालायचंच. सगळ्याच टीव्हींवर दोन्ही आउट एकदम चालतात असं नाही, तेव्हा कुणी घेणार असाल तर आधी बघून घ्या. आणि हो, कानांची तपासणी करायची आहेच, हेडफोन म्हणजे काही त्यावरचा उपाय नव्हे.

बाबांच्या आवाजाचं बटण आता त्यांच्याच कानाशी. आईची नवी तक्रार सुरू झालीय: "चहा झाला म्हणून किती हाका मारायच्या?"