सगळे शेवटी एकाच ट्रकात जाते ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी पणजीतल्या आमच्या वसाहतीच्या कचरा वर्गीकरणाचे काम पाहते, आणि लग्नकार्यात, कदंब बसच्या थांब्यावर किंवा गणेश चवथीला गावच्या घरी भेटणारे निम्मे लोक मला एकच प्रश्न विचारतात: "बाई, तुम्ही एवढे सोळा प्रकार वेगळे करता, पण शेवटी सगळे एकाच ट्रकात जाते ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी कधी रागावत नाही, कारण एके काळी तो माझाच प्रश्न होता. पूर्वी मी ज्या गावात राहत होते तिथे आम्ही काही शेजारणींनी वर्षभर ओला आणि सुका कचरा नेमाने वेगळा ठेवला, आणि एका सकाळी गॅलरीतून पाहिले तर गाडीवरच्या माणसाने आमच्या दोन्ही पिशव्या एकाच ढिगावर रिकाम्या केल्या. गाडीत दुसरा कप्पाच नव्हता, त्यामुळे त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नव्हता. पुढच्या आठवड्यापासून आमच्यातल्या बहुतेकींनी वर्गीकरण सोडून दिले, आणि ज्यांना एकदा असा अनुभव आला त्यांना पुन्हा तयार करणे किती कठीण असते हे मी आज रोज पाहते. म्हणूनच, गाडीत स्वतंत्र कप्पे आणि ओल्या-सुक्याचे स्वतंत्र दिवस यांची सोय आधी झाली पाहिजे आणि लोकांना उपदेश त्यानंतर केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पणजीत ही सोय बऱ्याच अंशी आहे. या शतकाच्या पहिल्याच दशकात शहराने रस्त्यावरच्या कुंड्या काढून दारोदार कचरा उचलायला सुरुवात केली, आणि पुढे महानगरपालिकेने वसाहतींमध्ये सोळा प्रकारांच्या वर्गीकरणाची पद्धत आणली. आमच्याकडे ओला कचरा रोज आवारातच खतासाठी जातो आणि सुका ठरलेल्या दिवशी उचलला जातो. तरीही सोळा या आकड्याने लोक घाबरतात, आणि ते साहजिक आहे. त्यांना मी सांगते की पंधरा गोष्टी विसरलात तरी चालेल, पण स्वयंपाकघरातला ओला कचरा स्वयंपाकघरातच वेगळा ठेवा, कारण बाकी सगळे त्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. वर्तमानपत्रावर आमटी सांडली की ते रद्दी राहत नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर तिला गिऱ्हाईक आहे, पण ती रात्रभर माशांच्या काट्यांसोबत पडून राहिली तर भंगारवालासुद्धा तिला हात लावत नाही. वेफर्सची पाकिटे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेली असतात आणि त्यांचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही, म्हणून गोव्यातून असा माल गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे भट्टीत जाळण्यासाठी पाठवला जातो. तो ओला असेल तर भट्टीची उष्णता आधी त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते.

ओल्या कचऱ्याची दुसरी बाजू हवामानाची आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. भाजीची देठे आणि उरलेला भात उघड्यावर नीट कुजला तर फारसे बिघडत नाही. तोच कचरा डोंगरासारख्या ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, हवेविना जगणारे जीवाणू त्याचा ताबा घेतात आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापमानवाढ करतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट. शिवाय तो पेट घेणारा वायू आहे. मडगावजवळच्या सोनसडो इथल्या कचऱ्याच्या डोंगराला मे २०१९ मध्ये आग लागली, ती विझवायला कित्येक दिवस लागले आणि तेवढे दिवस आसपासच्या माणसांनी तो धूर सोसला. ही आठवण काढताना मला अजूनही वाईट वाटते, कारण त्या डोंगरात आपल्यापैकी हजारो घरांच्या ताटांतले उरलेसुरले होते आणि ते तिथे जाण्याची काहीच गरज नव्हती.

हाच मिथेन वायू बंद टाकीत धरला तर त्यापासून वीज तयार होते. उत्तर गोव्यातला साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ मध्ये दिवसाला १०० टनांच्या क्षमतेने सुरू झाला आणि नंतर ती क्षमता २५० टनांपर्यंत वाढवली गेली. तिथे ओल्या कचऱ्याचा लगदा टाक्यांत कुजवून वायू काढतात, त्यावर वीज बनवतात आणि उरलेल्या चोथ्याचे खत करतात. दक्षिण गोव्यात काकोडा इथे फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसरा प्रकल्प सुरू झाला, ६० टन ओला आणि ४० टन सुका अशा रोजच्या क्षमतेचा. म्हणजे "शेवटी सगळे एकाच खड्ड्यात जाते" हे वाक्य आजच्या गोव्यात सरसकट खरे नाही. मात्र प्रकल्प कितीही मोठा असला तरी त्यात प्लास्टिक मिसळलेला लगदा आला की यंत्रे अडतात आणि खताची प्रत घसरते, म्हणून प्रकल्प झाला म्हणजे घरचे काम संपले असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आवारातल्या खताची खरी अडचण आपल्या जेवणातच आहे. सुंगटांची (कोळंबीची) साले आणि माशांची डोकी खतात टाकली की दुसऱ्या दिवशी वास येतो, मांजरे जमतात, आणि तिसऱ्या दिवशी समितीकडे तक्रार येते. आमच्याकडे पहिले दोन महिने यावरून एवढी भांडणे झाली की काम बंद पडण्याची वेळ आली होती. उपाय साधा निघाला: मासळीच्या प्रत्येक थरावर सुकी पाने किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दुप्पट घालायचे आणि मधूनमधून ढवळायचे, म्हणजे हवा खेळती राहते आणि वास दबतो. तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांची कवचे मात्र लवकर कुजत नाहीत, ती वेगळीच काढावी लागतात. नारळाच्या करवंट्या आणि शहाळीही वेगळी ठेवतो. गोव्यात वर्षाला साधारण तीन मीटर पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर खताच्या हौदाला पक्के छप्पर नसेल तर आत नुसता चिखल होतो. म्हणून सुकी पाने आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच पोत्यांत भरून ठेवतो. पानगळीची ती पाने जाळणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की ती आम्हाला द्या.

पावसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. मांडवी नदीला भरती आणि वरून मुसळधार पाऊस असा योग जुळला की पणजीतल्या '१८ जून' नावाच्या रस्त्यावर पाणी तुंबते हे पणजीकरांना नवीन नाही. समुद्राची पातळी वाढते आहे आणि पाऊस थोड्या वेळात अधिक जोराने कोसळू लागला आहे, हे आपल्या एका शहराच्या हातात नाही. पण गटारांच्या तोंडाशी अडकणाऱ्या पिशव्या आणि बाटल्या आपल्याच असतात.

सगळा भार घराघरांवर टाकणे मात्र मला मान्य नाही. जी वेष्टणे वेगळी करूनही कुणाच्या उपयोगाची नाहीत, ती बनवणाऱ्यांनी परत नेली पाहिजेत. गोवा सरकारने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. वस्तू घेताना थोडी ठेव द्यायची आणि रिकामी बाटली किंवा वेष्टण परत केल्यावर ती परत मिळवायची, अशी ती कल्पना आहे. आमच्या लहानपणी सोड्याची बाटली दुकानात परत नेली की पैसे मिळत, आणि रस्त्यावर बाटली पडलेली दिसत नसे. ही योजना नीट राबवली जावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चवथीत आमच्या घरी आजही माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाभाज्यांची चौकट, केवणी या रानझुडपाच्या सालीच्या दोरांनी बांधतात. फळे, भाज्या, रानातले घड आणि दोर, विसर्जनानंतर सगळे थेट खतात जाते. पण काही घरी आता नायलॉनची दोरी आणि तार वापरतात, आणि मग ती एकेक गाठ सोडवत बसावे लागते. गेल्या वर्षी आम्ही अकरा घरांच्या माटोळ्या एकत्र घेतल्या, गाठी सोडवायला चौघीजणी दुपारभर बसलो होतो. त्या हौदाचे खत आता चाळून झाले आहे आणि पावसाआधी ते वाटून संपवायचे आहे, तेव्हा ज्यांना कुंड्यांसाठी हवे असेल त्यांनी घरून पिशवी घेऊन यावे.