बिजासन घाटात पाण्याची नळी

मे महिन्याचे दिवस. सकाळी दहालाच शिरपूरच्या हायवेवर डांबर मऊ झालेलं. आबांची गाडी केळी भरून गॅरेजसमोर उभी राहिली तेव्हा मला आधी वाटलं, टायर दाखवायला थांबले असतील. आबा थाळनेरचे, स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. गाडी सहा सिलिंडरची, टर्बोवाली (टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा), बीएस-३ च्या, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांच्या काळातली. माल इंदूरला जायचा होता.

"भाऊ, गाडी चढावर दम टाकस," आबा खाली उतरता उतरता म्हणाले. "सायलेन्सर काढी टाक, सरळ पाइप लाव."

ही मागणी मला महिन्यात दोनदा तरी येते. आवाज मोठा झाला की गाडीला ताकद आली, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. मी सरळ पाइप लावत नाही. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२० व्या नियमाने सायलेन्सर लागतोच, आणि दंडाची गोष्ट सोडा, रात्री दोनला गावातून जाणाऱ्या गाडीच्या शिव्या शेवटी मिस्त्रीलाच बसतात. पण आबांची तक्रार खरी होती. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदलून झालेले. धुळ्याला पंप कॅलिब्रेशन करून आणलेला. क्लच प्लेट नवी. एवढा पैसा घालूनही पळासनेरच्या पुढे गाडी दुसऱ्या गिअरला रडत होती आणि मागे काळा धूर.

मी गाडीखाली गेलो. सायलेन्सरवर रबरी हातोडीने दोन ठिकाणी टकटक केली. पुढच्या टोकाला भरीव आवाज आला. मागच्या टोकाला खुळखुळ, जसं वाळलेल्या शेंगेत दाणे. आत काहीतरी सुटलं होतं. जाग्यावर रेस देऊन बघितलं तर धूर कमी, आवाज ठीक. इथेच आधीचे मिस्त्री फसले असणार, कारण उभ्या गाडीत टर्बोवर लोडच येत नाही. रोग घाटातच दिसणार होता.

मग मी ते केलं ज्यावर आमच्या गॅरेजची पोरं आजही हसतात. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली. साडेचार फुटी फळीवर ती इंग्रजी यूसारखी ठोकली, निम्मी पाण्याने भरली, मधे इंचपट्टी चिकटवली. टर्बोच्या मागच्या पाइपला भोक पाडून नट वेल्ड केला आणि त्यातून तांब्याची लांब नळी आणून यूच्या एका तोंडाला जोडली, नाहीतर प्लास्टिक तिथेच वितळलं असतं. यूचं दुसरं, उघडं तोंड खिडकीबाहेर. अशा इंजिनाला मागचा दाब, म्हणजे बाहेर पडताना गॅस कोंडून तयार होणारा दाब, साधारण ३ इंच पाऱ्यापर्यंत चालतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे ४१ इंच पाणी. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक त्याच्या आत राहिला तर सायलेन्सर निर्दोष.

माझ्याकडे एक नवा सायलेन्सर पडून होता. इंदूरहून दुसऱ्या एका गाडीसाठी मागवलेला, त्या मालकाने घेतलाच नाही. तो, यू क्लॅम्प, स्लीव्ह, ग्राइंडर आणि डब्यातली कळण्याची भाकर, सगळं केबिनमध्ये टाकलं आणि आबांसोबत निघालो. क्लीनर फळी धरून बसला.

हाडाखेडपर्यंत फरक वीस-बावीस इंच. आबा माझ्याकडे बघून हसायला लागले. पळासनेर सोडलं, चढ सुरू झाला, आबांनी पाय दाबला. तीस. अडतीस. मग काही मोजायची वेळच आली नाही. पाणी सरसर वर गेलं, खिडकीबाहेरच्या तोंडातून कारंजं उडालं आणि वाऱ्याने ते सगळं परत क्लीनरच्या अंगावर. पाठोपाठ नळीतून काळा धूर. म्हणजे फरक फळीच्या चोपन्न इंचांच्याही वर. मी ओरडून गाडी थांबवायला लावली आणि तिथूनच वळवून पळासनेरच्या ढाब्यावर आणली.

सायलेन्सर थंड व्हायला तासभर जातो. मी पाऊण तासच थांबलो, त्याची खूण मनगटावर आहे. नट गंजून एकजीव झालेले. दोन छिन्नीने उडवले, बाकीचे ढाब्यातून वायर ओढून ग्राइंडरने. जुना खाली आला तसा आबांच्या डोळ्यांसमोर उभा चिरला. आतला मधला पडदा टाक्यांतून सुटला होता आणि गंजलेल्या जाळीच्या नळीवर मागे-पुढे सरकत होता. गॅस कमी असला की पुढे पडून राहायचा. जोर आला की मागे जाऊन बाहेरच्या तोंडावर बसायचा. झाकणच. जितका आबा पाय दाबणार, तितकं ते घट्ट. टर्बो फिरतो तो पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागे कोंडलं की तो मंदावतो, इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल मात्र तेवढंच पडतं, म्हणून काळा धूर. कंपनीला दोष देत नाही. अकरा वर्षं चालला होता.

नवा बघून आबांचं तोंड पडलं. आरपार दिसत होतं. "याच्यात तर काहीच नाही!" खरंच, दिसायला काहीच नसतं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये गॅसला खोल्याखोल्यांतून वळवतात, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात, पण प्रत्येक वळणाला दाब खर्ची पडतो. यात मधून सरळ, भोकांची नळी आणि भोवती ग्लास वूल ठासलेली. गॅस सरळ निघून जातो, आवाज भोकांतून बाजूला शिरतो आणि वूलमध्ये जिरून उष्णता होतो. आवाज म्हणजे ठोके, गॅस म्हणजे वाहणं. ठोके अडवायला वाहणं अडवावं लागतंच असं नाही. याची उणीवही सांगतो. बारीक, चिरका आवाज ही वूल छान खाते, पण भारी घुमारा तेवढा खात नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनाचे १५०० आरपीएमला सेकंदाला ७५ ठोके पडतात, तो घुमारा मारायचा तर सायलेन्सरचं पोट लांब आणि जाड हवं. म्हणून हा जुन्यापेक्षा फूटभर लांब होता आणि मागची पट्टी सरकवून बांधावी लागली. वूल वर्षानुवर्षांत उडतेही. (आणि हे सगळं जुन्या गाड्यांचं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरात धूर गाळायची आणि यूरियाची यंत्रणा असते, तिथे मी छिन्नी लावत नाही. कोणी कितीही पैसे देवो.)

चारच्या सुमाराला पुन्हा तोच घाट, तीच केळी. क्लीनरने फळी धरायला साफ नकार दिला, मी धरली. अठरा. बावीस. चोवीस. तिथे पाणी थांबलं, थरथरत राहिलं, पण वर चढलं नाही. धूर नाही. आणि आबा मात्र घाबरलेले.

"इंजिन चालू शे का?"

मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, हा माणूस तीस वर्षं कानाने गिअर टाकतोय. आता कानाला काही मिळतच नव्हतं, म्हणून ते दुसऱ्या गिअरलाच रेटत होते. "आबा, तिसरा टाका." टाकला. गाडी ओढत राहिली. त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, एकदा गिअरच्या दांड्याकडे.

देवीचं मंदिर मागे पडलं तसे ते म्हणाले, "हे टिकटिक काय?" मी कान दिला. इंजिनातून गॅस बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळती, जुनी. थोडं पुढे, "आणि खालून हुऽऽ करतंय ते?" गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा मधला बेअरिंग. तोही आजचा नव्हता. आबांचा चेहरा सांगत होता की हे सगळं मीच घडवलंय. सायलेन्सर गप्प झाल्यावर उरलेली गाडी बोलायला लागते, हे मी त्यांना सेंधव्यापर्यंत समजावत राहिलो. बेअरिंग इंदूरपर्यंत काढेल, येताना या, म्हणालो आणि उतरून एका रिकाम्या ट्रकने परतलो.

रात्री दीडला फोन.

"भाऊ, अजून एक आवाज. मांगून घरघर येस. थांबी थांबीसन."

"चढावर येतो की सपाटीला?"

"दोन्हीकडे."

"क्लच दाबल्यावर?"

"तरी येस."

मी उठून बसलो. गिअरबॉक्सच असणार, असं वाटून घाम फुटला. "आबा, बाजूला घ्या. इंजिन बंद करा. बघा, येतो का?"

बराच वेळ काही नाही. इंजिन थांबल्याचं ऐकू आलं. मग आबांचा आवाज, जरा हळू. "येस."

"क्लीनर कुठंय?"

"मांगे. झोपेल शे."

आणि फोन कट.