एकाच टेबलावर स्पेन आणि मोरोक्को

वाशीतील एका हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये स्पॅनिश आणि मोरोक्कन पदार्थांच्या लहान लहान प्लेट्स मागवून सर्वांनी वाटून खाण्याची सोय आहे. गेल्या शनिवारी आई, धाकटी बहीण आणि तिचे यजमान यांच्यासह आम्ही तिथे जेवलो. हे दोन देश एकाच मेनूत असणे मला अगदी रास्त वाटले. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. ७११ साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम फौजा ती ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या आणि १४९२ मध्ये ग्रानाडा पडेपर्यंत त्या भूमीच्या कुठल्या ना कुठल्या भागात मुस्लिम सत्ता टिकून राहिली. त्या शतकांत केशर, भात, वांगी आणि ऊस स्पेनच्या शेतांत रुजले, आणि दोन्हीकडच्या स्वयंपाकात आजही बदाम, केशर आणि ऑलिव्ह तेल सारख्याच हक्काने वावरतात.

सर्वांत आधी 'गांबास अल आहीयो' आले. मातीच्या उथळ भांड्यात ऑलिव्ह तेल अजून चुरचुरत होते, त्यात लसणाचे पातळ काप कडेने नुकते सोनेरी झाले होते आणि कोळंबी जेमतेम वळली होती. एवढ्यावरच ती आचेवरून उतरवलेली असल्यामुळे दाताखाली रसरशीत लागत होती. या पदार्थाचा खरा ऐवज मात्र तळाशी उरलेले लसणीचे तेल हा आहे, आणि पाव टिपून ते संपवण्यात संकोच करू नये. पाव वेगळा मागवावा लागला, हे मला खटकले. अशा पदार्थाबरोबर तो न सांगता यायला हवा.

आई मांसाहार करत नाही, अंडेही खात नाही, म्हणून तिच्यासाठी मोरोक्कोचे 'झालूक' मागवले. भाजलेले वांगे, टोमॅटो, लसूण, जिरे आणि पाप्रिका (लाल मिरचीची पूड) ऑलिव्ह तेलात आटवून ते करतात. पहिल्याच घासाला आई म्हणाली, "अगं, हे तर आपलं भरीतच, फक्त दाण्याचं कूट तेवढं नाही." नंतर ती प्लेट तिने स्वतःकडेच ओढून घेतली.

'पातातास ब्राव्हास' म्हणजे तळलेल्या बटाट्यांवर पाप्रिकाचा तिखट सॉस. बटाटा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिकेतली. स्पॅनिश जहाजांनी ती युरोपात आणली आणि पोर्तुगीजांमुळे मिरची आपल्या किनाऱ्यावर पोहोचली. आपली बटाट्याची भाजी आणि ही प्लेट या दोघींचे माहेर एकच आहे, हे खाताना मला फार सुखावणारे वाटले.

शेवटी कोंबडीचे ताजीन आले. ताजीन हे मोरोक्कोचे मातीचे भांडे, आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थालाही तेच नाव. त्याच्या शंकूसारख्या झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ थंड होऊन परत खाली ओघळते, म्हणून अगदी थोड्या पाण्यातही मांस मऊ शिजते. मिठात मुरवलेले लिंबू आणि हिरवी ऑलिव्ह यांची आंबट-खारट चव आमच्या जावईबापूंना विशेष भावली. बरोबर कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, होते. २०२० मध्ये मोरोक्कोसह चार देशांच्या नावे कुसकुसच्या परंपरेची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली आहे. इथले कुसकुस मात्र कोरडे होते.

चौघे जाणार असाल तर आधी चार लहान प्लेट्स मागवाव्यात आणि त्या संपत आल्यावरच ताजीन सांगावे, कारण सर्व एकदम आले की कोळंबी थंड होते. पुदिन्याच्या चहासाठीही पोटात थोडी जागा ठेवावी.