अकरा कार्डं, सगळी पूर्ण

माझं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलं. त्यामुळे आमच्या कुत्रेवाल्या मंडळींनी एकत्र भेटायचं ठरवलं, तेव्हा दारात उभं राहून लसीकरणाची कार्डं तपासायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मला ते आवडलंही. प्रत्येक कार्ड उघडायचं, डॉक्टरांची सही बघायची, पुढच्या डोसची तारीख बघायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. अकरा कुत्री आली, अकराही कार्डं चोख. त्यात माझी ठमी पण होती. वय वर्षं आठ, जात सांगता येणार नाही अशी आणि स्वतःला वाड्याची मालकीण समजणारी.

पाऊस लागला म्हणून सगळे मैदानातून हॉलमध्ये आलो. वाऱ्याने सतरंज्या भिजू नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पाण्यासाठी मी घरून एक मोठं निळं टब नेलं होतं. आल्या आल्या सगळ्यांनी त्यात तोंडं घातली आणि मीच त्याचा फोटो काढून सर्वांना पाठवला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. अकरापैकी सहा नाकं एकाच पाण्यात!

पाचव्या दिवशी पहाटे ठमी विचित्र आवाज काढायला लागली. मान खाली, पाठीला बाक आणि घशातून बदकासारखा कर्कश आवाज. शेवटी ओकारी, थोडा पांढरा फेस. मला वाटलं, घशात काहीतरी अडकलं. मी तिचा जबडा उघडून टॉर्चने आत पाहिलं, बोट घालून चाचपलं. काही नाही. बायको दारातून म्हणाली, "अडकलेलं नाही काही. ढास आहे ती."

ढासच होती. डॉक्टर बाईंनी गळ्यावर, श्वासनलिकेवर दोन बोटं हलकेच दाबली आणि लगेच उबळ आली. "केनेल कफ," त्या म्हणाल्या. मी माझं हुकमी कार्ड पुढे केलं. "पण बाई, तिच्या सगळ्या लशी झाल्यात." त्यांनी ते कार्ड पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून काढलं. इतकी वर्षं कार्ड हातात धरूनही ते मला माहीत नव्हतं. कार्डावरच्या सगळ्या लशी एका वजनाच्या नसतात. डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य कावीळ आणि रेबीज यांच्या लशी भक्कम. वेळेवर आणि पूर्ण डोस मिळालेलं मोठं कुत्रं सहसा या रोगांनी आजारी पडत नाही. केनेल कफचं तसं नाही, कारण तो एक रोगच नाही. बॉर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि अ‍ॅडेनोव्हायरससारखे विषाणू, मायकोप्लाझ्मा, कुत्र्यांच्या श्वासमार्गातला एक वेगळा कोरोनाव्हायरस अशी ती टोळी आहे. कधी एकटा येतो, कधी दोघंतिघं मिळून येतात. यातल्या दोघातिघांवर लस आहे, बाकीच्यांवर नाही. ज्यांच्यावर आहे, तिथेही ती दुखणं सौम्य करते. संसर्ग पूर्ण अडवेलच असं नाही. कुत्र्यांचा फ्लू आणखी निराळा. त्याची लस वेगळी, आणि ती सगळीकडे दिलीच जाते असं नाही. ठमीच्या कार्डावर तर ती नव्हतीच, आणि तिचा रकाना नाही हे मला कधी खटकलंही नव्हतं.

मी ज्या गोदामांचे हिशेब तपासले, तिथे नुसते कागद बघून कधी सही केली नाही. पोती मोजायचो. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र कागद बघितला आणि समोर उभं असलेलं जनावर बघितलंच नाही.

पुढच्या पाचसहा दिवसांत फोन येत गेले. दहाव्या दिवसापर्यंत अकरातली सात खोकत होती. बहुतेकांचं ठमीसारखंच झालं. दोन आठवडे ढास, भूक व्यवस्थित, शेपटी व्यवस्थित, फक्त रात्री घरात कुणाला झोप नाही. औषध म्हणून मुख्यतः विश्रांती. गळ्यातला पट्टा काढून छातीला बांधायचा हार्नेस घेतला, कारण पट्ट्याचा ताण श्वासनलिकेवर आला की उबळ येते. जाता जाता एक सांगतो. माणसांच्या खोकल्याचं औषध चमचाभर देऊ का, असं मी बाईंना विचारलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. अशा काही औषधांत पॅरासिटामॉल किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असतं आणि दोन्ही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

सातवं होतं एक तेरा आठवड्यांचं पिल्लू.

त्याचंही कार्ड मी "पूर्ण" म्हणून खूण केलं होतं, आणि खोटं काहीच नव्हतं. वयाप्रमाणे जेवढे डोस व्हायला हवे होते तेवढे झाले होते. पण तोवरचे डोस होणं वेगळं आणि मालिका पुरी होणं वेगळं. आईच्या दुधातून आलेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकतात आणि तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा डोस देतात, आणि शेवटचा सोळा आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर. तोवर पिल्लू अर्धं उघड्यावरच असतं. त्याला पार्व्हो झाला नाही, ही आमची पुण्याई म्हणायची. १९७८ च्या सुमाराला जगभर पसरलेला हा विषाणू जमिनीत महिनोनमहिने तग धरतो, बुटाच्या तळाला आणि मोठ्या कुत्र्याच्या पंजाला चिकटून आत येतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. पिल्लाला खोकलाच झाला, पण तो छातीत उतरला. ताप, जलद श्वास, खाणं बंद. न्यूमोनिया. चार दिवस दवाखान्यात काढून ते घरी आलं. त्याच्या घरचे मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग सवयीप्रमाणे मी उलटा माग काढायला बसलो. आणलं कुणी? एक कुत्रं भेटीच्या दोनच दिवस आधी कुत्र्यांच्या बोर्डिंगमधून परत आलं होतं आणि "एकदोनदा खोकलं होतं, पण आम्हाला वाटलं गवत लागलं." सापडला चोर, असं वाटलं मला. बाईंनी तोही निकाल मोडीत काढला. बरं झालेलं कुत्रंसुद्धा बॉर्डेटेला कित्येक आठवडे, कधी तर तीन महिन्यांपर्यंत बाहेर टाकत राहतं. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात, आणि फ्लूसारख्या रोगात कुत्रं खोकायच्या आधीच दुसऱ्याला लागण करू शकतं. लस घेतलेलं कुत्रं स्वतः ठणठणीत राहूनही जंतू वाहून नेऊ शकतं. आणला असेल तो कुणीही. बंद खिडक्या आणि निळं टब मात्र माझं.

आणि एक, जे मी इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. भेटीनंतर चौथ्या दिवशी, म्हणजे ढास लागायच्या आदल्या संध्याकाळी, मी ठमीला शेजारच्या म्हाताऱ्या बॉक्सरकडे खेळायला नेलं होतं. चपट्या नाकाचं, आधीच घोरणारं जनावर. तोही खोकला. तीन आठवडे.

आता भेटी बंद कराव्यात असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. ठमीला माणसांपेक्षा कुत्र्यांची संगत जास्त लागते, आणि घरात कोंडून ठेवलेल्या कुत्र्याचे हाल मी पाहिलेत. कार्डं बघायची नाहीत असंही माझं म्हणणं नाही. ती बघतोच, उलट जास्त खडूसपणे. लेप्टोस्पायरोसिसची लस वर्षभरापेक्षा जुनी असेल तर साचलेल्या पाण्याजवळ नेऊ देत नाही, कारण तो उंदरांच्या, कुत्र्यांच्या मुतातून पसरतो आणि माणसालाही होतो. परवा टोचून आज आलेल्यालाही परत पाठवतो. अंगात ताकद तयार व्हायला एकदोन आठवडे लागतात. पिल्लांची मालिका पुरी झाल्याशिवाय प्रवेश नाही.

पण वहीत आता नवे रकाने आहेत. गेल्या दोन आठवड्यांत खोकला, शिंका? बोर्डिंगमध्ये राहिलं होतं का? आज सकाळची शी घट्ट होती का? (जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीला लस लावून अडवता येत नाही.) अंगावर केस गेलेले गोल चट्टे, म्हणजे गजकर्ण? ओठांवर चामखिळी? गोचिडी? हे प्रश्न विचारताना लोक संकोचतात आणि काही चिडतात. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, कार्ड आहे ना!" मला माझाच आवाज ऐकू आला.

भेट आता उघड्यावरच, आणि पाऊस आला तर रद्द. ज्याचं त्याने वाडगं आणायचं.

गेल्या रविवारी, पावणेतीन महिन्यांनी, पहिली भेट ठरली. मी वही, पेन, रिकामे रकाने सगळं आदल्या रात्री काढून ठेवलं होतं. सकाळी ठमीला पातळ झालं. दोनदा. एकदा अंगणात, एकदा माझ्या चपलेशेजारी. बायकोने वही माझ्या हातातून घेतली आणि एकटीच निघाली.