जीपचा एक कोपरा अधांतरी

गोव्यात डिचोलीला आमचं गॅरेज आहे. एके काळी खाणीवरच्या जीपांवर आमचं निम्मं पोट चालायचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि त्यातल्या बऱ्याच जीपा कुणाच्या ना कुणाच्या मांगराला (शेतावरच्या खोपटाला) टेकून गंजत पडल्या. त्यातलीच ही एक, महिंद्राची सीजे-थ्री-बी. मूळच्या अमेरिकी विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं. नव्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत सोडणारे) वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेटही वर गेलं. बैलासारखं उंच कपाळ दिसलं की लांबूनच कळतं, थ्री-बी आली.

हिचं इंजिन ठणठणीत होतं, पण बॉडीत काही राम उरला नव्हता. चार महिने पाऊस, बाकीचे महिने खारा वारा. ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसत होता. ठिगळावर ठिगळ लावून डेंटर कंटाळला, तेव्हा भाई (जीपचे मालक) म्हणाले, "फायबरची बसवूया."

मी त्यांना आधीच सांगितलं होतं. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजचा नंबर मिळतो, पण बॉडी आणि चेसिस (खालचा पोलादी सांगाडा) मूळची हवी. फायबर लावलं की ती वाट बंद. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, म्हणजे वाहतूक खात्याची परवानगी आधी आणि काम नंतर. भाई म्हणाले, "मला ती शोकेसमध्ये ठेवायची नाही रे, कुळागरात (नारळी-पोफळीच्या बागेत) न्यायची आहे." कागद त्यांनी स्वतः खेपा घालून केले. त्यांचा हा गुण मानला पाहिजे.

बॉडी केली शापोऱ्याकडच्या मेस्तमामांनी. त्यांचा मूळ धंदा मासेमारीच्या होड्यांचा. दुसऱ्या एका सरळ जीपवरून त्यांनी साचा काढला, आत जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), त्यावर मॅट आणि रोव्हिंग या काचतंतूंच्या कापडांचे रेझिनमध्ये भिजवलेले थर. दमट हवेत रेझिन चिकट राहतं, म्हणून पाऊस सरल्याशिवाय त्यांनी ब्रशला हात लावला नाही. बोल्टांच्या भोकांत पोलादी पाइपाचे तुकडे बसवून घेतले होते, म्हणजे नट आवळला तरी दाब पाइपावर येतो, फायबर चेपत नाही. बॉनेट, मडगार्ड आणि पुढची जाळी मात्र मूळ पत्र्याचीच ठेवली.

बसवायच्या दिवशी सकाळीच चौघांनी बॉडी उचलून चेसिसवर ठेवली. पत्र्याच्या मानाने हलकी, त्यामुळे पोरं खुशीत. तीन कोपरे बसले. मागचा उजवा कोपरा मात्र माउंटपासून (चेसिसवरच्या बोल्टच्या आधारापासून) अकरा मिलिमीटर वर. बॉनेट लावून पाहिलं, तर एका बाजूची कडी अडकली आणि दुसऱ्या बाजूची पोचेना.

भाईंचा पारा चढला. "होड्या करणाऱ्याला जीप कशाला सांगितली!" आमचा एक पोरगा पाना घेऊन तयारच होता, बोल्ट आवळून कोपरा खाली ओढायला. मी पाना काढून घेतला. पत्रा असा ओढला तर निमूट खाली येतो. फायबरही येतं, पण तो ताण अंगात धरून ठेवतं, आणि पहिल्या खड्ड्याला दरवाजाच्या कोपऱ्यातून चीर सुटते.

मेस्तमामांना फोन केला. ते आले ते हातात पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन, होड्यांच्या कामाला वापरतात ती. तिच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला राहतं. कुणाशी वाद नाही, काही नाही. बॉडी पुन्हा उचलायला लावली, चार स्टुलांवर ठेवली, स्टुलं नळीने एका पातळीत आणली आणि बॉडीचे माउंट एकेक करून पाहिले. पाणी सगळीकडे एकाच खुणेला. मग तीच नळी चेसिसवर. कर्ण मी आधीच मोजले होते आणि ते बरोबरच होते, पण कर्ण जुळले म्हणून पीळ नाही असं होत नाही. उजव्या रेलवर (चेसिसच्या लांब तुळईवर) मागच्या टोकाला पाणी खुणेच्या वर चढलं, म्हणजे रेल खाली. मामा भाईंकडे बघून एवढंच म्हणाले, "हें वाकचें ना, फुटतलें. चेसीस पळयात." (हे वाकणार नाही, फुटेल. चेसिस बघा.)

वायर ब्रशने रेल घासली तेव्हा मागच्या स्प्रिंगच्या हँगरजवळ ग्रीसच्या थराखाली जुनं वेल्डिंग निघालं. कधीतरी रेल तडकली असणार आणि कुणीतरी ती झुकलेली असतानाच, खाली टेकू न देता जोडून टाकली. जुन्या बॉडीला उजव्या दरवाजाच्या कोपऱ्यातच सारख्या चिरा का पडत होत्या, त्याचा उलगडा इथे झाला. इतकी वर्षं पत्रा तो वाकडेपणा स्वतः वाकून झाकत होता.

मग खरं काम सुरू झालं. फायबर बॉडी आधी अंगणात हलवली, ठिणग्यांजवळ रेझिन नको. पेट्रोलची टाकी बॉडीबरोबरच असते, ड्रायव्हरच्या सीटखाली, ती अजून बसवली नव्हती हे बरं. ग्राइंडरने जुनं वेल्डिंग कापलं, खाली जॅक लावला आणि मामा नळी धरून बसले. "आणखी थोडं... बस्स." वेल्डिंगचे टाके मारले, पुन्हा पाणी पाहिलं, मग पुरं वेल्डिंग. वरून पट्टी जोडली ती तिरक्या टोकांची. सरळ टोकांची पट्टी लावली की वेल्डिंगची रेघ रेलला आडवी येते आणि पुढची तडक तिथेच जाते. थंड होताना वेल्डिंगने रेल थोडी ओढलीच. दोन मिलिमीटरचा फरक राहिला, तो खाणीतल्या जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या तुकड्याने भरला. बॉडीखालचे सगळे पॅड आम्ही त्याच बेल्टचे कापतो. बाजारातलं रबर इतकं टिकत नाही.

संध्याकाळी बॉडी पुन्हा ठेवली. सहज बसली. बॉनेटच्या दोन्ही कड्या बोटाने लागल्या. भाई मामांना "चहा घेऊया" म्हणाले, आणि भाईंच्या तोंडून माफी निघाली तर ती अशीच निघते.

वायरिंगच्या नव्या पोराने मागचे दिवे जोडले, स्विच दाबला, काही पेटेना. बल्ब बदलून झाले, फ्यूज पाहून झाले. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते, फायबरमधून करंट जात नाही. दर दिव्याला, हॉर्नला, पेट्रोलच्या काट्याला चेसिसपर्यंत वेगळी काळी वायर ओढावी लागली. त्यात रात्र झाली.

निघता निघता भाईंनी नवं टुमणं काढलं, मागे बॉडीला ट्रेलरचा हूक हवा. मी तो चेसिसच्या मागच्या क्रॉसमेंबरला (आडव्या तुळईला) लावला. त्यांना तो फार खाली वाटतो, अजून कुरकुर चालू आहे. असू दे. फायबरला लावला असता तर नारळांचा ट्रेलर कुळागरातच राहिला असता आणि जीपची मागची भिंत त्याच्यासोबत.