सीटी युरोग्राफी: 0.9 साठी अडीच तास

लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफीत डावी किडनी जराशी सुजलेली दिसली, पण आतड्यातल्या गॅसमुळे मूत्रवाहिनीचा मधला भाग काही दिसेना. म्हणून डॉक्टरांनी सीटी युरोग्राफी लिहून दिली, म्हणजे शिरेतून डाय (फोटोत उठून दिसणारं औषध) देऊन किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा मार्ग दाखवणारं सीटी स्कॅन. इथवर सगळं सुरळीत.

वेळ घेताना फोनवर सांगितलं होतं, "चार तास काही खाऊ नका, पाणी भरपूर प्या, लघवी धरून या." मी शहाण्यासारखी लिटरभर पाणी पिऊन पोचले. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "क्रिएटिनिन?" होतं की! किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या या रक्तचाचणीचा कागद मोठ्या ऐटीत पुढे केला. त्यांनी तारीख बघितली आणि तो तसाच परत सरकवला.

"चार महिन्यांपूर्वीचं आहे हे. नवीन लागेल."

"मग हे फोनवर नको का सांगायला?"

"तुमच्या डॉक्टरांनी सांगायला हवं होतं."

झालं. खाली जाऊन रक्त दिलं आणि बाकावर येऊन बसले. रिपोर्टला दीड तास म्हणाले, लागले अडीच. पोटात लिटरभर पाणी आणि समोर स्वच्छतागृहाचं दार! "जाऊन या, पण मग परत पाणी प्यावं लागेल," असा सल्ला मिळाला. पन्नास मिनिटं तग धरला, मग गेलेच. परत पाणी, परत तेच. आकडा आला 0.9, म्हणजे अगदी व्यवस्थित.

नियम चुकीचा नाही, हे रागातही कबूल करते. शिरेतून देतात तो आयोडीनचा डाय किडनीवाटेच बाहेर पडतो. क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, काढतात. तो 30 च्या खाली असेल तर डाय द्यायचा की नाही याचा डॉक्टर पुन्हा विचार करतात. पण मग हे वेळ देतानाच सांगा ना! तुम्ही मात्र किती दिवसांपूर्वीचा रिपोर्ट चालेल ते आधीच विचारा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही सांगा. किडनी कमजोर असेल तर ती गोळी काही काळ थांबवायला सांगतात.

प्रत्यक्ष तपासणीचं काहीच नाही. आधी डायशिवाय फोटो, कारण मूतखडाही पांढरा दिसतो आणि डायही. डाय आधी दिला तर खडा त्यात लपेल. डाय गेला की अंगभर ऊब पसरते आणि कपड्यातच लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही, घाबरू नका. मग दहाएक मिनिटं थांबवतात, डाय मूत्रवाहिनीत उतरेपर्यंत.

हो, एक राहिलं. नुसत्या खड्याचाच संशय असेल तर बहुतेक वेळा डायशिवायचं साधं सीटी पुरतं, तेव्हा डाय कशासाठी हे विचारून घ्या. माझं रक्त गेलं होतं, म्हणून गाठबीठ नाही ना, हेही बघायचं होतं.

गाठ नव्हती. मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते तिथे 4 मिमीचा खडा अडकला होता. "पडेल आपोआप," डॉक्टर म्हणाले, "पाणी मात्र भरपूर प्या."

पाणी!