उद्या सकाळी घेऊन जा

मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर चार ओळी होत्या. ऑईल ४२०, प्लग ११०, ऑईल फिल्टर १४०, मजुरी २५०. मी पैसे दिले, बिलाची घडी घालून रेतनाच्या नोंदवहीत ठेवली आणि गाडीला किक मारली. त्यातली तिसरी ओळ खोटी आहे हे कळायला मला चौदा महिने लागले.

मी पाटणजवळच्या नवारस्त्याच्या आसपासच्या वाड्यांमध्ये गाई-म्हशी भरवायचं काम करतो. कृत्रिम रेतन. लोक डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षण घेतलेला खाजगी सेवादाता आहे, आणि हे मी सांगतोही. पण गोठ्यातून "ओ सेवादाता" अशी हाक कोण मारणार? तेव्हा डॉक्टर.

गाडी स्प्लेंडर प्लस, २००९ ची. हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते त्या काळातली, टाकीवर दोघांची नावं. २०१४ साली कराडच्या एका मास्तरांकडून घेतली. मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून निघालंय. मागच्या कॅरिअरला गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ठेवायचा द्रव नायट्रोजनचा तीन लिटरचा कंटेनर, बाजूच्या पिशवीत रेतनाची गन, हातमोजे, थर्मास. कंटेनरच्या आत उणे १९६ अंश आणि कंटेनरच्या बाहेर दिवशी नावाच्या घाटातले खड्डे.

गाडी बंद पडली तर कारकुनाला रजा टाकता येते. माझं तसं नाही. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ हुकली की पुढचे २१ दिवस नुसती वाट बघायची. त्या २१ दिवसांची वैरण, पेंड, पुढं ढकललेलं वेत, सगळं मालकाच्या अंगावर. म्हणून गाडीच्या बाबतीत मी हळवा आहे. घरात याला वेगळा शब्द वापरतात.

तर दोन वर्षांपूर्वीचा जुलै. घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढं सरकेना. क्लच प्लेटा गेल्या, एवढं मलाही समजलं. नेहमीच्या गॅरेजला टाकली. मिस्त्री म्हणाले, "प्लेटा कराडवरनं मागवतो. उद्या सकाळी घेऊन जा."

उद्या सकाळी गेलो. गाडी जिथं लावली होती तिथंच, फक्त सीटवर आता दुसऱ्या कुणाचं तरी मडगार्ड ठेवलेलं. "पोरगं न्हाय आलं आज. उद्या सकाळी." तिसऱ्या दिवशी कव्हर उघडलं होतं, किक आणि बोल्ट एका तेलकट पत्र्यात पडले होते, आणि मिस्त्री कुणाच्या तरी वरातीला गेले होते. आषाढात कसली वरात, हे मी विचारलं नाही. उघडलेली गाडी म्हणजे ओलीस ठेवलेलं माणूस. तिच्यादेखत भांडायचं नसतं.

ते तीन दिवस मी पुतण्याची स्कूटर वापरली, कंटेनर दोन पायांच्या मध्ये धरून. चाकं लहान, रस्ता मोठा. घाटाच्या अलीकडच्या एका वाडीला पोचायला रात्रीचे दहा वाजले. गाय आदल्या रात्रीपासून माजावर होती आणि मी पोचेपर्यंत शांत उभी राहून रवंथ करत होती. वहिनी काही बोलल्या नाहीत. चहा केला. न बोलता केलेला चहा फार कडू लागतो, साखर कितीही असो.

चौथ्या दिवशी गाडी मिळाली. क्लच झकास. मिस्त्रींच्या हातात कसब आहे, हे मी त्यांच्या तोंडावर आणि पाठीमागंही म्हणतो. पण सगळं खोलून झालंच होतं म्हणून जाता जाता ऑईलही बदललं होतं, आणि ते त्यांनी नव्हे, पोरानं. ऑईलचा ड्रेन बोल्ट लोखंडी आणि तो ज्यात बसतो ते इंजिनचं बूड अॅल्युमिनियमचं. सतराच्या पान्याला पाईप लावून आवळला की बोल्टाला काही होत नाही, अॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. ते निघाले. पोरानं काय करावं? एमसील लावलं, वरून काळं ऑईल पुसलं आणि गप्प बसलं.

मला पत्ता लागला तो आठवड्याभरानं, एका गोठ्याच्या कोब्यावर. गाय भरवून बाहेर आलो तर गाडीखाली रुपयाएवढा डाग, निघेपर्यंत ताटलीएवढा झाला. या इंजिनात सगळं मिळून ९०० मिली ऑईल. दुधाच्या लिटरच्या पिशवीपेक्षा थोडं कमी. ते घाटात संपलं असतं तर इंजिन जाम आणि मी दरीच्या कडेला नायट्रोजन सांभाळत उभा. खाली वाकून बोट लावलं तर एमसीलचा तुकडा पापडासारखा हातात आला.

गाडी टेम्पोत घालून कराडला एका लेथवाल्याकडं नेली. म्हातारा माणूस. त्यानं बोल्टाचं भोक बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, जणू पाईप मीच लावला होता. "बाराचा बोल्ट गेला. चौदाचा टॅप मारतो." टॅप म्हणजे भोकात नवे आटे पाडायचं हत्यार. त्याच्या दातांत त्यानं बोटानं ग्रीस भरलं. मी विचारलं कशाला. म्हणाला, अॅल्युमिनियमचा भुसा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, नाहीतर इंजिनात पडतो. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, टॅप बाहेर, पूस, पुन्हा ग्रीस. वीस मिनिटं तो एवढंच करत होता. शेवटी थोडं नवीन ऑईल वरून ओतून खालून वाहू दिलं, हाताची ओंजळ करून त्यात धरलं आणि उन्हाकडं वळवून बघितलं. चकाकी नव्हती. "आता आवळताना वॉशर बसला की अजून एक पाव. बास." तीनशे रुपये घेतले.

माझ्या गाडीचं काम माझ्या डोळ्यांसमोर झालेलं मी दहा वर्षांत पहिल्यांदाच बघितलं. परत येताना गाडीच्या आवाजाकडं माझे कान होते, पण डोक्यात तो ओंजळीतला ऑईलचा थेंब होता.

मग मॅन्युअल मोबाईलवर उतरवून घेतलं. पान्यांचा एक बरा सेट घेतला, बारीक फट मोजायच्या पात्यांचं फीलर गेज घेतलं. पहिला उद्योग टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हवरची फट ठरवणाऱ्या स्क्रूचा. आपल्याकडं गाडीचं टॅपेट म्हणजे गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांच्यातला जुना करार आहे. गिऱ्हाईक म्हणतं "आवाज येतोय", मिस्त्री गरम इंजिनावर स्क्रू आवळून आवाज घालवतो, दोघं खूश. पण व्हॉल्व्हला बंद व्हायला थोडी मोकळीक लागते. ती काढून घेतली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, सकाळी किका मारून पाय दुखतो, आणि पुढंमागं एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. मॅन्युअल सांगतं इंजिन गार पाहिजे. पहाटे साडेपाचला, चहाच्या आधी, फ्लायव्हीलवरची टी खूण खाचेसमोर आणली आणि गेजची पाती घातली. सगळ्यात पातळ पातीसुद्धा शिरली नाही. म्हणजे मी किती वर्षं आवळलेल्या टॅपेटवर फिरत होतो कोण जाणे. ठीक केल्यावर शिलाई मशीनसारखी बारीक टिकटिक यायला लागली आणि गाडी पहिल्या किकला. शेजारचे आण्णा सांगून गेले, "टॅपेट वाजतंय बघा तुमचं." म्हटलं, वाजू द्या.

हवेचंही तसंच. पुढं २५, मागं २८, दोघं असाल तर मागं ४०. पंक्चरवाला दोन्हीकडं ४० ठोकायचा, "टाईट बरी असती डॉक्टर." घाटातल्या खडीवर ती बरी का नसते हे माझ्या उजव्या कोपराला विचारा.

आणि मग ती तिसरी ओळ. गेल्या हिवाळ्यात क्लच केबल नवी टाकूनही क्लच जड जायला लागला, म्हणून उजव्या बाजूचं कव्हर मीच उघडायचं ठरवलं. ऑईल काढलं, किक काढली, आठच्या पान्याचे बोल्ट पुठ्ठ्यावर कव्हराचं चित्र काढून त्याच जागी खोचले, कारण सगळे सारख्या लांबीचे नसतात. पॅकिंग फाटलं, ते फाटणारच. मॅन्युअल शेजारी उघडं होतं आणि मी त्यात ऑईल फिल्टर शोधत होतो, चौदा महिन्यांपूर्वी १४० रुपयांना बदललेला तो कागदी फिल्टर कुठं असतो ते बघावं म्हणून.

नसतो. या इंजिनाला बदलायचा फिल्टरच नाही. खाली एक जाळी आहे, आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला एक गोल वाटी. क्रँकबरोबर ती गरगर फिरते आणि ऑईलमधला जड कचरा कडेला फेकून धरून ठेवते. डेअरीतलं क्रीम सेपरेटर ज्यानं बघितलंय त्याला हे एका वाक्यात कळेल. वाटीची झाकणी उघडली. आत काजळासारखा घट्ट गाळ, नखानं खरवडला तर वडी पडेल असा. ती वाटी बहुतेक मास्तरांच्या काळापासून कुणी उघडली नव्हती. म्हणजे जो फिल्टर नव्हता त्याचे पैसे घेतले, आणि जो होता त्याला कुणी हात लावला नाही.

राग १४० रुपयांचा नव्हता, हे लिहिताना जरा भारदस्त वाटतं, पण खरं सांगायचं तर १४० रुपयांचाही होता.

तरी मी जाऊन भांडलो नाही. एक कारण असं की त्या गॅरेजात बसून मी बघितलंय, दिवसाला पंधरा गाड्या येतात, प्रत्येकाला घाई, आणि मजुरी म्हटली की प्रत्येकाचा चेहरा पडतो. पाचशेचा पार्ट निमूट घेणारा माणूस शंभर रुपये मजुरीवर वीस कमी करायला लावतो. मग मजुरी कुठंतरी फिल्टर होऊन बिलात येते. दुसरं कारण, मिस्त्रींची गाय मीच भरवतो.

गॅरेजच्या मागं गोठा. होल्स्टीन संकर, दुधाला चांगली, पण माझ्या हातून दोनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभ गेली नाही. गेल्या महिन्यात मिस्त्रींचा फोन आला. "डॉक्टर, आज सकाळपासनं माजावर हाय. या टायमाला जरा नीट भरवा."

जरा नीट! फोन ठेवल्यावर मला काय काय उत्तरं सुचली. गाय उलटायला छप्पन्न कारणं असतात, माज उशिरा कळणं, गर्भाशयाची सूज, खनिजांची कमतरता. संध्याकाळी पोचलो तो हे सगळं मनात पाठ करतच.

एरवी मिस्त्री पुढं गाडीतच डोकं घालून असतात, गोठ्यात त्यांची आई येते. या वेळी स्वतः आले. दारात उभे राहून चिंधीला हात पुसत होते. "डॉक्टर, कोणत्या वळूचं घालताय ते आमाला कदी दिसत न्हाय बगा. तुमी पाठ करून उभं, आत काय चाललंय आमाला काय कळायचं?"

मी नोंदवही काढली. आधीच्या दोन तारखा, वळूचे नंबर, सगळं लिहिलेलं असतं, बघा म्हटलं. पानं उलटताना ती घडी खाली पडली. मिस्त्रींनी उचलली, उघडली. बल्बखाली धरून वाचायला त्यांना वेळ लागला. चार ओळींना जितका लागावा त्याच्यापेक्षा जास्त.

"माजंच अक्षर हाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तवा पोरगं होतं कामाला."

बिल पोरानं लिहिलं नव्हतं, पण मी ते बोललो नाही. त्यांनी घडी पहिल्यासारखीच घालून वहीत ठेवली.

कांडी काढली, ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद धरली, पुसली आणि कापायच्या आधी त्यांच्यापुढं केली. कांडीच्या अंगावर बारीक अक्षरात वळूचा नंबर असतो. त्यांनी डोळे बारीक करून, कार्बोरेटरच्या जेटवरचा नंबर वाचतात तसा एकेक आकडा मोठ्यानं वाचला. वहीत मी तोच लिहिला. ते बघून त्यांनी मान हलवली.

मग न सांगता पुढं झाले आणि गाईची शेपूट एका बाजूला धरली. हात नीट पुसले गेले नव्हते. पांढऱ्या शेपटीवर ऑईलची चार बोटं उमटली.